शाकाहार, मांसाहार आणि दीर्घायुष्य : एक हिशेब

गेल्या महिन्यातील गोष्ट. माझा चौदा वर्षांचा नातू पोहण्याचा सराव संपवून घरी आला आणि पाटावर बसण्यापूर्वीच त्याने मला विचारले, "आजोबा, आपण मांस खात नाही म्हणून आपण लवकर मरतो का?" त्याच्या प्रशिक्षकांनी त्याला रोज चार अंडी आणि आठवड्यातून दोनदा चिकन सुचविले होते. त्यातच एका मित्राने मोबाइलवर एक बातमी दाखविली होती. जगातील १७५ देश व प्रदेशांची आकडेवारी तपासून ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी असा निष्कर्ष काढला होता की, जेथे मांस अधिक खाल्ले जाते तेथील लोक अधिक जगतात. दुकानातून नुकताच परतलेला माझा मुलगा तावातावाने म्हणाला, "काहीतरीच! शाकाहारी माणूसच जास्त जगतो, हे तर सिद्ध झालेले आहे." सूनबाई काही बोलल्या नाहीत. मीही गप्प राहिलो, कारण माझ्या डोळ्यांसमोर त्या क्षणी आमचे थोरले बंधू, आण्णा, उभे राहिले.

आण्णांची सांगलीच्या पेठेत हळद आणि गुळाची अडत होती. जन्मभर त्यांनी अंड्याला स्पर्श केला नाही; कांदा, लसूण, बटाटा घरात येत नसे; सूर्यास्तानंतर पाण्याशिवाय काही घेत नसत. तंबाखू नाही, मद्याचा तर प्रश्नच नाही. आणि तरीही वयाच्या ५६ व्या वर्षी, सौदे चालू असताना, गादीवरच त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि रुग्णालयात पोहोचण्यापूर्वीच सर्व संपले. त्यापूर्वी दोन वर्षे मी त्यांना रक्तदाब आणि साखर तपासून घ्या म्हणून सांगत होतो. त्यांचे उत्तर ठरलेले असे : "अरे, आपलं खाणं शुद्ध. आपल्याला काय होणार?"

हे वाक्य मी आपल्या समाजात असंख्य घरांतून ऐकले आहे, आणि नातवाच्या प्रश्नाने मला त्याचा एकदा नीट हिशेब मांडण्यास भाग पाडले. चौतीस वर्षे बँकेत कर्जप्रकरणे तपासली. अर्जदार आपला असो वा परका, कागद सारख्याच डोळ्यांनी पाहावे लागत. येथे तर अर्जदार आपणच आहोत, म्हणून थोडे अधिकच कठोर होणे आवश्यक.

प्रथम त्या ऑस्ट्रेलियन बातमीकडे वळू. अॅडलेड विद्यापीठाशी संबंधित संशोधकांचा हा निबंध २०२२ साली प्रसिद्ध झाला. संशोधकांनी देशांचे उत्पन्न, एकूण उष्मांक, शहरीकरण, लठ्ठपणा इत्यादी गोष्टी हिशेबात धरण्याचा प्रयत्न केला होता, हे मान्य केले पाहिजे. ही काही थापेबाजी नव्हे. परंतु त्यांनी तपासले ते देश, माणसे नव्हेत. एखाद्या शाखेतील ठेवींची सरासरी दोन लाख रुपये आहे, एवढ्यावरून त्या शाखेतील अमुक खातेदाराच्या खात्यात किती शिल्लक आहे हे कोणी सांगू शकेल काय? देशाच्या सरासरीत कोणत्या घरात काय शिजले आणि त्या घरातील कोण किती जगले, यांची सांगड दिसत नाही. ज्या देशात मांस परवडते, त्या देशात शुद्ध पाणी, लसीकरण, प्रसूतिगृहे आणि रात्री-अपरात्री येणारी रुग्णवाहिकाही परवडते. उत्पन्नाचा एक आकडा वजा केला म्हणून या साऱ्यांचा प्रभाव वजा होत नाही. शिवाय जेथे मुलांना पोटभर अन्नच मिळत नाही, तेथे थोडे मांस, दूध किंवा अंडे मिळाल्याने जीव वाचतो, यात शंका नाही. पण त्यावरून सुखवस्तू घरातील डाळ, दूध आणि सुकामेवा खाणाऱ्या मुलाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

तेव्हा देश सोडून माणसांकडे जावे लागते. माणसामाणसांची तुलना करताना अडचण अशी की, पाश्चात्त्य देशांत शाकाहार स्वीकारणारा मनुष्य बहुधा सुशिक्षित असतो, धूम्रपान करीत नाही, व्यायाम करतो. मग त्याचे आयुष्य वाढले ते भाजीमुळे की व्यायामामुळे? या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा पुरावा वाटतो तो अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, लॉस एंजेलिसच्या पूर्वेस असलेल्या लोमा लिंडा या गावचा. तेथे सेव्हन्थ-डे अॅडव्हेंटिस्ट या ख्रिस्ती पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. या पंथात मद्य व तंबाखू निषिद्ध मानले जाते, आणि शाकाहाराचा पुरस्कार केला जातो. मात्र मांसाहाराला पूर्ण बंदी नाही. परिणामी एकाच समाजात, एकाच प्रार्थनामंदिरात, सारख्याच राहणीचे शाकाहारी आणि मांसाहारी दोन्ही सापडतात. आपल्याकडील सर्वेक्षणकर्त्यांना असा योग क्वचितच मिळतो.

१९५८ पासून या समाजाचा अभ्यास चालू आहे. १९७४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या पाहणीत सुमारे चौतीस हजार लोक होते. तिचे निष्कर्ष २००१ मध्ये आले, तेव्हा वयाच्या तिसाव्या वर्षापासून मोजता शाकाहारी अॅडव्हेंटिस्ट पुरुष इतर कॅलिफोर्नियावासीयांपेक्षा सरासरी साडेनऊ वर्षे, तर स्त्रिया सुमारे सहा वर्षे अधिक जगतात असे दिसले. माझा मुलगा ज्या 'सिद्ध झालेल्या' गोष्टीविषयी बोलत होता, ती बहुधा हीच. पण येथे तुलना सिगारेट-मद्यासह सर्वसामान्य जनतेशी आहे, हे विसरता कामा नये. मांसाहारी अॅडव्हेंटिस्टसुद्धा शेजाऱ्यांपेक्षा अधिक जगतच होते. २००२ पासून तिसरी, अधिक मोठी पाहणी सुरू झाली. तिच्यातील ७३,३०८ लोकांचा सुमारे सहा वर्षांचा हिशेब २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच समाजातील मांसाहारींच्या तुलनेत सर्व प्रकारच्या शाकाहारींचा मृत्युदर एकत्रितपणे १२ टक्क्यांनी कमी आढळला. हा लाभ पुरुषांमध्ये स्पष्ट होता, स्त्रियांमध्ये तितका नव्हता. आणि, आपल्याला रुचो वा न रुचो, सर्वांत कमी मृत्युदर होता तो भाजीपाल्याबरोबर मासे खाणाऱ्यांचा. ताळेबंदात एक बाजू दाखवून दुसरी झाकता येत नाही, म्हणून हे लिहिले.

ब्रिटनमधील दीर्घकालीन पाहणीचे निष्कर्ष याहून थंड आहेत. तेथे आरोग्याविषयी जागरूक असलेले शाकाहारी आणि तितकेच जागरूक मांसाहारी यांच्या एकूण मृत्युदरात लक्षणीय फरक आढळला नाही. याच पाहणीचा २०१९ चा अहवाल असे सांगतो की, सुमारे अठ्ठेचाळीस हजार लोकांमध्ये, अठरा वर्षांच्या कालावधीत, शाकाहारींना हृदयविकाराचा धोका २२ टक्क्यांनी कमी होता; परंतु पक्षाघाताचा धोका २० टक्क्यांनी अधिक होता. पुढच्या वर्षीच्या अहवालात शाकाहारींमध्ये खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाणही जास्त दिसले. कारणांबाबत तज्ज्ञांत एकमत नाही. बी-१२ जीवनसत्त्व, प्रथिने आणि कॅल्शियम यांची कमतरता हे संशयित आहेत.

मांसाविरुद्धचा पुरावाही तितकाच स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने २०१५ मध्ये सॉसेज, बेकनसारख्या प्रक्रिया केलेल्या मांसाला निश्चित कर्करोगकारक ठरविले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो, असा तिचा अंदाज आहे. नॉर्वेतील संशोधकांनी २०२२ मध्ये आणखी एक उपयुक्त हिशेब केला : अमेरिकेतील प्रचलित आहार सोडून सर्वोत्तम आहार घेतला, तर विशीतील पुरुषाचे आयुष्य सुमारे तेरा वर्षांनी आणि स्त्रीचे सुमारे पावणेअकरा वर्षांनी वाढू शकते, साठीत बदल केला तरी आठेक वर्षांचा लाभ संभवतो. माझ्यासारख्या सत्तरीकडे झुकलेल्या मनुष्याला ही ओळ वाचून बरे वाटले, हे कबूल करतो. या लाभात सर्वांत मोठा वाटा कशाचा? कडधान्ये व डाळी, अखंड धान्ये आणि कठीण कवचाची फळे यांचा. लाल व प्रक्रिया केलेले मांस कमी करणे हे त्यानंतर येते.

येथेच आण्णांच्या मृत्यूचे कोडे मला उलगडू लागले. आपण मांस 'वजा' केले; पण त्या जागी ताटात 'जमा' काय केले?

आण्णांचा दिवस मला अजून आठवतो. सकाळी पोहे, गादीवर साखरेचे सात-आठ चहा, मध्ये मध्ये भडंग आणि शेव, दुपारी भाताचा डोंगर आणि त्यावर आमटीचे पाणी, संध्याकाळी सूर्यास्ताच्या घाईत तळलेले काहीतरी, रविवारी जिलेबी. भाजी वाटीभर, तीही चातुर्मासात पालेभाजी वर्ज्य म्हणून कमीच. यांत एकही पदार्थ प्राणिज नाही. हार्वर्डच्या संशोधकांनी दोन लाखांहून अधिक अमेरिकन परिचारिका, डॉक्टर व इतर आरोग्य व्यावसायिकांच्या आहाराचा २०१७ मध्ये जो अभ्यास मांडला, त्यात नेमका हाच भेद केला आहे. अखंड धान्य, डाळी, फळे, भाज्या, सुकामेवा यांवर आधारलेल्या वनस्पतिजन्य आहाराने हृदयविकाराचा धोका सुमारे एक चतुर्थांशाने घटला. उलट मैदा, साखर, गोड पेये, मिठाई यांवर आधारलेल्या वनस्पतिजन्य आहाराने तो सुमारे एक तृतीयांशाने वाढला. दोन्ही आहार वनस्पतींचेच, पण परिणाम एकमेकांच्या उलट दिशेने गेले.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहींची संख्या दहा कोटींवर गेली आहे. बसून व्यापार करणाऱ्या आपल्या घरांतून याची साक्ष शोधावी लागत नाही. कोणत्याही लग्नाच्या पंगतीत जेवणापूर्वी खिशातून निघणाऱ्या गोळ्या मोजाव्यात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनानुसार, दिवसाला सुमारे दोन हजार उष्मांकांच्या आहारात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम आणि भाज्या ४०० ग्रॅम असाव्यात. मी एक दिवस स्वयंपाकघरात वजनकाटा घेऊन बसलो. सौभाग्यवती प्रथम हसल्या, नंतर रागावल्या. माझ्या ताटात डाळ भरली तीस ग्रॅमच्या आसपास. आमटी वाटीभर दिसते खरी. पण ती बहुतेक पाणी असते. डॉक्टर मोड आलेली कडधान्ये खा म्हणतात. आपल्यातील अनेक घरांत अंकुर अनंतकाय म्हणून वर्ज्य असतात. त्यांनी खंत करू नये. भिजवून शिजविलेल्या मुगात, मटकीत, हरभऱ्यात प्रथिने तेवढीच मिळतात.

आता माझी स्वतःची थकबाकी सांगतो. अकरा वर्षांपासून मला मधुमेह आहे आणि त्यासाठी मी मेटफॉर्मिन घेतो. आम्लपित्तासाठीही रोजची एक गोळी होती. चार वर्षांपूर्वी पावलांची आग होऊ लागली, रात्री चादर टेकली तरी सहन होईना. नावे आठवेनाशी झाली. ज्या खातेदारांशी वीस वर्षे व्यवहार केला, त्यांना रस्त्यात नमस्कार करताना मी आडनाव शोधत उभा राहायचो. ज्या डॉक्टरांकडे मी नियमित जात होतो, त्यांनी ते सर्व मधुमेहाच्या आणि वयाच्या नावे टाकले. दीड वर्ष असेच गेले. शेवटी दुसऱ्या एका तरुण डॉक्टरांनी बी-१२ ची तपासणी सांगितली. अहवालात आकडा १२८ आला. किमान मर्यादा साधारण २०० ची. इंजेक्शने झाली, गोळ्या सुरू झाल्या. पावलांची आग बरीच उतरली, स्मरण सुधारले. उजव्या पायाच्या अंगठ्यातील बधिरपणा मात्र गेला नाही, आणि आता तो जाणार नाही असे डॉक्टर सांगतात. मज्जातंतूंची काही हानी भरून निघत नाही.

बी-१२ विषयी आपल्या समाजाने थोडे तपशिलात समजून घेणे अत्यावश्यक आहे. हे जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती बनवीत नाही आणि कोणताही प्राणीही बनवीत नाही; ते बनवितात फक्त जीवाणू. गाई-म्हशींना ते आपल्या पोटातील जीवाणूंकडून मिळते आणि दुधात उतरते. प्रौढ मनुष्याला दिवसाला लागते दोन-अडीच मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या दहा लाखाव्या भागाच्या दुप्पट-अडीचपट. पेलाभर दुधातून साधारण एक मायक्रोग्रॅम मिळते आणि पुनःपुन्हा उकळण्याने त्यातही घट होते. चहात घातलेल्या चमचाभर दुधाला आपण 'दूध घेतो' असे म्हणतो, हा भाग निराळा! यकृतात त्याचा साठा काही वर्षे पुरतो, म्हणून तूट लवकर उमगत नाही. बुडीत कर्जासारखी ती हळूहळू वाढत जाते. उतारवयात जठरातील आम्ल कमी होते आणि शोषण घटते. मेटफॉर्मिन आणि आम्लपित्ताच्या दीर्घकालीन गोळ्या ते आणखी घटवितात. माझ्या बाबतीत तर ही सर्व कारणे एकत्र आली होती.

हा प्रश्न केवळ वृद्धांचा नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये ग्रामीण भागातील, झोपडपट्टीतील आणि शहरी मध्यमवर्गातील ४४१ पुरुषांची तपासणी प्रसिद्ध केली. त्यांतील ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी आढळले, आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण सर्वाधिक होते. पुणे परिसरातील खेड्यांत १९९३ पासून चालू असलेल्या त्यांच्या माता-बालक अभ्यासातून असेही दिसले की, गरोदरपणी आईचे बी-१२ कमी आणि फॉलेट जास्त असल्यास मुलांच्या शरीरात इन्सुलिनचे कार्य पुढे बिघडण्याकडे कल असतो. सुनेच्या डोहाळजेवणात आपण किती पक्वान्ने करतो! त्या काळात एक रक्ततपासणी झाली आहे काय, हे किती सासवा विचारतात?

काही ज्येष्ठ मंडळी मला म्हणाली, "गोळीत मांस असेल." शंका योग्य आहे, आणि तिचे उत्तर असे : बी-१२ कारखान्यात जीवाणूंच्या किण्वनाने तयार होते, प्राण्यांपासून काढले जात नाही. मात्र कॅप्सूलचे कवच पुष्कळदा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या हाडाकातड्यांपासून बनविलेले असते. म्हणून कॅप्सूल न घेता गोळी मागावी आणि वेष्टन वाचावे. किण्वनातील जीवाणूंविषयी ज्यांना धर्मदृष्ट्या शंका असेल त्यांनी आपल्या गुरूंना विचारावे. मला वाटते, दह्याला जो न्याय लावतो तोच येथेही लावावा लागेल.

जपानच्या ओकिनावा बेटाचाही थोडा उल्लेख करतो, कारण दीर्घायुष्याची चर्चा त्याच्याशिवाय पुरी होत नाही. १९५० च्या सुमारास तेथील लोकांचे सुमारे दोन तृतीयांश उष्मांक येत ते रताळ्यांतून. म्हणजे आपल्या दृष्टीने साक्षात कंदमूळ! सोबत सोयाबीन, भाज्या, थोडे मासे आणि सणासुदीला डुकराचे मांस. ती पिढी विलक्षण दीर्घायुषी ठरली. पुढे अमेरिकन पद्धतीचे अन्न आले आणि २००० सालच्या गणनेत तेथील पुरुष आयुर्मानाच्या बाबतीत जपानच्या ४७ प्रांतांत २६ व्या क्रमांकावर घसरले. पोट ऐंशी टक्के भरले की थांबावे, असा त्यांचा जुना दंडक आहे. तो वाचताना मला तत्त्वार्थसूत्रातील अवमौदर्य आठवले. सहा बाह्य तपांपैकी अनशन, अवमौदर्य, वृत्तिपरिसंख्यान आणि रसपरित्याग ही चार आहाराशी निगडित आहेत. रसपरित्यागात दूध, दही, तूप, तेल, गोड आणि मीठ यांचा त्याग येतो. यांतील तेल, साखर आणि मीठ या तिघांवरच आजचे हृदयरोगतज्ज्ञ बोट ठेवतात. तप आरोग्यासाठी करावे असे मी म्हणत नाही. पण अष्टमी-चतुर्दशीला उपवास आणि दुसऱ्या दिवशी पारण्याला तुपात पोहणारा हलवा, ही रीत कोणत्या शास्त्रातून आली, हे मात्र मला सापडले नाही.

हे सर्व वाचून झाल्यावर मी नातवाला घेऊन बसलो. त्याला सांगितले, आपण मांस खात नाही ते शंभर वर्षे जगण्यासाठी नाही. उद्या कोणी मांसाने दहा वर्षे वाढतात असे निर्विवाद सिद्ध केले, तरीही दुसऱ्या जीवाच्या आयुष्यातून काढलेली ती दहा वर्षे आपल्या घरात जमा होणार नाहीत. माझे मत इतके स्पष्ट असल्यामुळेच मला शाकाहाराच्या बाजूने फुगविलेले आकडे सांगण्याची गरज वाटत नाही. त्याने थोडा विचार करून विचारले, "मग मोठे आजोबा का गेले?" मी त्याला शेव, भात, चहा आणि न तपासलेला रक्तदाब, सगळे सांगितले.

मग आम्ही दोघे प्रशिक्षकांना भेटलो. गृहस्थ सज्जन निघाले. त्यांना अंड्याचा नव्हे, प्रथिनांचा आग्रह होता. आहारतज्ज्ञ बाईंनी तक्ता करून दिला : सकाळी दूध आणि मूठभर शेंगदाणे-बदाम, डब्यात भाकरीबरोबर शिजविलेले हरभरे किंवा मूग, सरावानंतर पनीर किंवा सोयाबीन, सूर्यास्तापूर्वी घट्ट वरण आणि दोन भाज्या. बी-१२ ची तपासणी घरातील सातही जणांची केली. चौघांचे कमी निघाले, त्यांत मुलगाही होता, ज्याने "सिद्ध झालेले आहे" म्हणून सांगितले होते. वहिनींनी, आण्णांच्या पत्नीने, अहवाल हातात घेऊन बराच वेळ पाहिला आणि विचारले, "ही तपासणी तेव्हा होती का रे?"

होती. रक्तदाबाचे यंत्र तर पेठेच्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यात होते. मी त्यांना एवढेच म्हणालो की, होती.